देवगडची भाची मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आली आहे, इंग्रजी कच्चं आहे. सीईटीची तयारी कशी करून घेऊ?

सगळा जोर गणितावर द्या. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून देता येतं, गणित मात्र फक्त इंग्रजीतून. जुने प्रश्न मोठ्याने वाचून घ्या आणि सोडवण्याआधी काय दिलंय, काय काढायचंय ते तिला मराठीत सांगू द्या. ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘सच दॅट’ असे ठरावीक शब्द सारखे येतात, त्यांची वेगळी वही ठेवा. व्याकरणाच्या क्लासवर आत्ता पैसे घालू नका.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा नको. ती हळू वाचते म्हणून तिला कोणी ‘ढ’ म्हणू नये, हे घरात बजावाच. आणि परीक्षा ऐन आंब्याच्या हंगामात येते, तेव्हा पेट्या भरायला तिला बोलावू नका.