नागफणीच्या जुन्या बिया दोन महिन्यांत उगवल्या नाहीत, कुंडी रिकामी करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की चार वर्षं जुन्या नागफणीच्या आणि ॲस्ट्रोफायटम या दुसऱ्या एका कॅक्टसच्या बिया एकाच कुंडीत टाकल्या आणि दोन महिन्यांत काहीच वर आलं नाही. ॲस्ट्रोफायटमची आशा सोडा. ती बी ताजी असली तर आठवडाभरात तोंड काढते, आणि जुनी झाली की लवकर मरते.

नागफणीचं गणित वेगळं आहे. तिच्या बीवरचं कवच हाडासारखं टणक, अंकुराला ते फोडून निघणं जड जातं. शिवाय ताजी बी बरेचदा झोपेतच असते, म्हणून वर्ष-दोन वर्षं ठेवलेली बी उलट बरी उगवते. तीही एकदम नाही. एखादी आज, तर दुसरी पुढच्या पावसाळ्यात.

नागफणीच्या बिया वेचून काढा. पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये धरून घासा, कडेचा फिकट थर पातळ झाला की थांबा, आतला गर दिसेपर्यंत नको. मग दिवसभर कोमट पाण्यात भिजवा. वावरातली काळी माती मुळीच वापरू नका, ओली झाली की दबते आणि मुळं सडतात. चाळलेली रेती, विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत पुरे. सोयाबीनच्या बियाण्याला लावता तसं थायरम हे बुरशीनाशक चिमूटभर चोळा, नाहीतर बुरशी आधी उगवेल. वर रेतीचा जेमतेम थर द्या. इतर बहुतेक कॅक्टसच्या बारीक बिया मात्र उघड्याच ठेवायच्या, त्यांना उजेड लागतो.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हे करूच नका. महाशिवरात्रीच्या सुमारास दुपार तापलेली आणि रात्र गार असते, हा चढउतार बियांना मानवतो. दसऱ्यानंतरही जमतं.

जिब्रेलिक ॲसिडबद्दल, म्हणजे बी जागी करणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाबद्दल, विचारलंत. संत्र्याच्या फळगळीसाठी कृषी केंद्रात मिळतं तेच, पण तिथं फवारणीला 10 ते 15 पीपीएम पुरतं आणि इथं 500 लागतं, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये घोळा. घासून, भिजवूनही वर्षभर हललं नाही तरच याच्या वाटेला जा, कारण प्रमाण जास्त झालं तर रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात.