पीडी-एल१ ६० टक्के असेल, तर इम्युनोथेरपी लागू पडण्याची शक्यताही ६० टक्के असते का?

वडिलांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बायोप्सीत पीडी-एल१ ६० टक्के आल्यामुळे इम्युनोथेरपीने गुण येण्याची शक्यताही तेवढीच धरावी का, आणि परिणामाचा अंदाज आधीच बांधता येतो का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि दुसऱ्याचे 'काही अंशी'. मी पॅथॉलॉजिस्ट असून अशा काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून या आकड्यापासूनच सुरुवात करतो. आपल्या वडिलांचा आजार 'नॉन-स्मॉल सेल' या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारचा आहे, असे मी येथे गृहीत धरले आहे.

६० टक्के याचा अर्थ एवढाच, की तपासलेल्या तुकड्यातील जिवंत कर्करोगपेशींपैकी साधारण ६० टक्के पेशींच्या आवरणावर पीडी-एल१ हे प्रथिन रंगलेले दिसले. हे प्रथिन टी-पेशींवरील (रोगप्रतिकारक पेशींवरील) पीडी-१ या प्रथिनाला चिकटून त्यांचा हल्ला थोपवते, आणि पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब यांसारखी औषधे ही जोडणी होऊ देत नाहीत. प्रथिन जितके जास्त, तितकी गाठ याच मार्गाने बचाव करत असण्याची शक्यता अधिक, हा त्यामागचा तर्क आहे आणि तो बऱ्याच प्रमाणात खरा ठरला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०२४ या चाचणीत पीडी-एल१ ५० टक्के किंवा त्याहून अधिक असलेले ३०५ रुग्ण होते. त्यांच्यापैकी पेम्ब्रोलिझुमॅब मिळालेल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीयरीत्या आकसली, तर केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. पाच वर्षांनी पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे १६ टक्के रुग्ण हयात असल्याचा अंदाज निघाला, आणि तोही केमोथेरपीच्या गटातील अनेकांना पुढे इम्युनोथेरपी मिळालेली असताना. म्हणजे आपल्या वडिलांचा गट अनुकूल आहे हे खरे. पण त्या गटातही निम्म्याहून अधिक रुग्णांची गाठ ठरावीक निकषाइतकी आकसली नव्हती.

आकड्यालाही मर्यादा आहेत. एकाच गाठीच्या दोन टोकांना हे प्रमाण वेगळे असू शकते आणि आमच्या हाती येतो तो सुईने काढलेला बारीकसा तुकडा. त्यात मोजण्याजोग्या किमान शंभर कर्करोगपेशी तरी असाव्या लागतात. शिवाय दोन अनुभवी डोळेही नेहमी एकच आकडा देत नाहीत. त्यामुळे ६० आणि ७० यांतील फरकावर मी फारसे वजन टाकणार नाही, मात्र ९० टक्क्यांच्या पुढचे रुग्ण ५० ते ८९ टक्के असलेल्यांपेक्षा अधिक चांगला प्रतिसाद देतात, असे आढळले आहे. उलट, एक टक्क्याहून कमी आकडा म्हणजे दार बंद, असेही नाही. तेथे बहुधा केमोथेरपीच्या जोडीने इम्युनोथेरपी दिली जाते आणि कीनोट-१८९ या चाचणीत तशा रुग्णांनाही लाभ झालेला दिसला. खरे पाहता या आकड्याचा मुख्य उपयोग इम्युनोथेरपी एकटी द्यावी की केमोथेरपीसोबत, हे ठरवण्यासाठी होतो.

माझ्या मते आपण त्याहून आधी पाहावा असा अहवाल जनुकीय तपासणीचा आहे. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत कर्करोगाला चालना देणारा बदल असेल, तर पीडी-एल१ कितीही जास्त असला तरी एकट्या इम्युनोथेरपीकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत केआरएएस या जनुकात बदल असलेल्या २६ टक्के, ईजीएफआर बदल असलेल्या १२ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला आणि एएलके बदल असलेल्यांपैकी एकानेही दिला नाही. अशा रुग्णांसाठी नेमक्या त्या बदलावर काम करणाऱ्या गोळ्या असतात, आणि इम्युनोथेरपी आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर बदलावरची गोळी सुरू केल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून हा अहवाल हाती येण्यापूर्वी घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन; फक्त प्रकृती वेगाने ढासळत असेल, तर डॉक्टर तोवर केवळ केमोथेरपी सुरू करू शकतात.

त्याच अहवालात एसटीके११ आणि केईएपी१ ही नावे दिसू शकतात. त्यांतील बिघाड असलेल्या गाठी इम्युनोथेरपीला कमी दाद देतात, परंतु अशा रुग्णांचा आजार केमोथेरपीनेही लवकर बळावतो. आजार मुळातच आक्रमक आहे हे सांगणारी खूण वेगळी आणि अमुक औषध लागू पडणार नाही हे सांगणारी खूण वेगळी. बातम्यांत हा भेद नेहमी पुसला जातो आणि मग नातेवाईक एका जनुकाच्या नावाने हवालदिल होतात. गाठीतील एकूण जनुकीय बदलांची संख्या, म्हणजे टीएमबी, हीसुद्धा अशीच एक खूण आहे: ती जास्त असल्यास प्रतिसादाची शक्यता वाढते, पण फुप्फुसाच्या बाबतीत केवळ तिच्यावर निर्णय बेतला जात नाही.

रुग्णाची एकूण प्रकृती, यकृतात पसरलेला आजार, रक्तातील वाढलेले एलडीएच (एक एन्झाइम) आणि न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांवरूनही अंदाज बांधला जातो. केवळ वय जास्त आहे म्हणून मात्र उपचार नाकारू नयेत. उपचाराच्या सुरुवातीला स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्यांचे निकाल कमी चांगले आढळतात, पण मुळात अधिक आजारी माणसालाच ही औषधे लागतात, तेव्हा ती स्वतःहून बंद करू नयेत.

संगणकाला सीटी स्कॅन, काचपट्ट्या आणि जनुके एकत्र दाखवून भाकीत करण्याचेही प्रयत्न चालू आहेत. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अशा एकत्रित पद्धतीचा अचूकतेचा निर्देशांक ०.८० आला, जेथे ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. ती कोणत्याही एकट्या खुणेपेक्षा सरस ठरली, पण एखाद्याला औषध नाकारावे इतकी ती नेमकी नाही.

उपचार सुरू झाल्यावर पहिला स्कॅन सहसा ६ ते १२ आठवड्यांत होतो आणि तो या सर्व अंदाजांपेक्षा अधिक बोलतो. टी-पेशी आत शिरल्याने गाठ तात्पुरती मोठी दिसणे फुप्फुसाच्या कर्करोगात क्वचितच घडते. त्यामुळे गाठ वाढलेली दिसली आणि वडिलांची तब्येतही खालावत असेल, तर आजार वाढला असे धरून पुढच्या उपचाराबद्दल डॉक्टरांशी लगेच बोलावे.