भरतकामात पक्षी जिवंत दिसावा म्हणून किती छटांचे दोरे घ्यावे लागतात?

छटा मोजत बसू नका. मी बसले होते, म्हणून सांगते.

माझा पहिला मोठा पक्षी म्हणजे छोटा खंड्या. फोटो मीच काढलेला. नुसत्या निळ्याच्या तेरा लड्या जमवल्या, दीड महिना रोज रात्री बसले, उलट्या बाजूने इस्त्री फिरवली आणि जेवायला आलेल्या भाऊजींसमोर ठेवला. भाऊजी म्हणजे पहाटे उठून दुर्बीण घेऊन हिंडणारे गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मेहनत दिसते, वहिनी. पण पेंढा भरल्यासारखा वाटतोय. आणि चोच चुकलीय. काळी हवी."

चोचीचं नंतर सांगते. "पेंढा" मात्र आठ दिवस डोक्यातून जाईना. शेवटी फोटो मोठा करून कापडाशेजारी धरला. बाह्यरेषेच्या आत मी सगळे टाके एकाच दिशेने उभे भरले होते, लहान मुलं चित्रात रंग भरतात तसे. खऱ्या पक्ष्याची पिसं चोचीपासून मागे वळतात, डोळ्याला वळसा घालतात, गालावरून खाली उतरतात, पाठीवर शेपटीकडे लांबत जातात. माझ्या खंड्याच्या अंगावर पीसच नव्हतं, नुसता दोरा होता.

पाठ आणि डोकं, दोन्ही उसवलं. हे करताना रडू येतं, येऊ द्या.

दुसऱ्यांदा निळे पाचच ठेवले. खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच मुळी. पिसाच्या आतली रचना स्पंजासारखी सच्छिद्र असते, तिच्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. पोटाचा नारिंगी मात्र खरा रंग. म्हणजे पाठीवरचा निळा हा उजेडाचाच खेळ, आणि तो खेळ दोऱ्याला येतो. एकाच लडीचा टाका आडवा गेला तर वेगळा चमकतो, तिरका गेला तर वेगळा. तुम्ही दिशा वळवता, छटा आपोआप पडतात. लडीतल्या दोऱ्याचा पदर एकच घ्यायचा, दोन घेतलेत तर पिसाची सुतळी होते.

भरायचं शेपटीकडून. कौलं वळचणीपासून आढ्याकडे चढवतात ना, तसं. शेपटी, पंख, पाठ आणि डोकं सगळ्यात शेवटी, म्हणजे वरचं पीस खालच्यावर येतं. लांब-आखूड टाक्यात पुढची ओळ आधीच्या टाक्यांच्या मध्ये घुसली पाहिजे, नुसती टोकाला टेकली तर तिथे पट्टा दिसतो. डोळ्यातल्या चमकेसाठी फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घातलेली गाठ) घालू नका, डोळा बटणासारखा वर येतो. पांढऱ्याचा एक बारीक टाका बास.

तयार किटबरोबर येणारे छटांचे तक्ते मला आवडत नाहीत. त्यात डोळ्यांनी बघण्याचं काम दुसऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं.

हां, पण वाघ किंवा खार करणार असाल तर पाच छटांत भागणार नाही. केसांचा तपकिरी हा खराच रंग, तिथे माझा निळ्याचा हिशेब चालत नाही. रेशमी दोरा सुतीपेक्षा जास्त चमकतो, तोही फरक धरा. आणि फोटो दुसऱ्याचा असेल तर आधी त्याला विचारा.

आता चोच. छोट्या खंड्यात नराची चोच जवळपास पूर्ण काळी. मादीची खालची चोच नारिंगी-तांबडी. माझी मादी होती आणि फोटोत ते स्वच्छ दिसतं. पक्ष्यांच्या पुस्तकातलं पान उघडून भाऊजींपुढे धरलं, तर म्हणतात, "उन्हामुळे तसं वाटत असेल." पेंढ्याचं त्यांचं बरोबर होतं, हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलंय. चोचीचं त्यांनी अजून केलेलं नाही. पाठ-डोकं उसवलं, पण चोचीला हात लावला नाही. ती तशीच फ्रेममध्ये आहे, जेवायच्या टेबलासमोर, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीतून नीट दिसेल अशी.