वाचक विचारतात : फील्डला जाण्याआधी

प्रश्न : माझे यजमान लष्करात हवालदार आहेत. वीस दिवसांच्या रजेवर आलेत, पुढच्या महिन्यात फील्ड पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, जातील. इंदूरला रामबागेत मी, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई असू. ते आहेत तोवर काय उरकून घ्यावं?

उत्तर : ताई, गॅस-किराणा तुम्ही सांभाळालच. आधी कागदांची पेटी उघडा. तुमच्या कुटुंबात कोण कोण आहे, हे युनिटला कळतं ते पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे लग्न-जन्म अशा गोष्टींची लष्करी नोंद करणाऱ्या आदेशावरून. लग्नाची आणि मुलीच्या जन्माची ऑर्डर निघाली का, तिचा नंबर आणि तारीख काय, हे यजमानांनी क्लार्ककडून लिहून घ्यावं. 'अर्ज दिला होता' यावर समाधान मानू नका. मुलीचं नाव चढलेलं नसलं की डिपेंडंट कार्ड (अवलंबितांचं ओळखपत्र) अडतं, शिक्षण भत्ताही अडतो.

आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. आधारवर तुमचं माहेरचं नाव, युनिटमध्ये लग्नात बदललेलं. आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं म्हणून नगर निगमनं हिंदी रीतीनं मधलं नाव गाळून नुसतं नाव-आडनाव घातलेलं. क्लार्कला या तीन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्याचं काही चुकत नाही. तिन्ही कागद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षरागणिक जुळवा. जे बदलायला सोपं ते आधी बदला, म्हणजे बहुधा आधार. उरलेल्या फरकासाठी शपथपत्र करा. युनिटनं मागितली तर वर्तमानपत्रात जाहिरात द्या.

नॉमिनेशन बघा. भरतीच्या वेळी लष्कराच्या ग्रुप इन्शुरन्सला आणि भविष्य निर्वाह निधीला आईचं नाव दिलेलं असतं, लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. विषय नाजूक आहे, म्हणून सासूबाईंना समोर बसवूनच बोला. पगाराचं खातं दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही चालवावं, एक गेल्यास दुसऱ्यानं) करून घ्या. एटीएमचा पिन ठाऊक असणं म्हणजे खात्यावर हक्क असणं नव्हे.

सासूबाई अवलंबित म्हणून नोंदलेल्या असतील तर महूच्या मिलिटरी हॉस्पिटलचे उपचार त्यांनाही मिळतात. पण महू पंचवीसेक किलोमीटर. रात्री छातीत दुखलं तर जवळचं हॉस्पिटल गाठा आणि महूला लगेच कळवा.

शेवटी, कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवा : आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, एपीओचा (लष्करी टपालाचा) पत्ता, युनिटचा फोन. यजमानांचा मोबाईल लागेल याचा भरवसा नाही, निरोप युनिटमार्फतच जातो. ही चिठ्ठी कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, मावशीच्या सुद्धा.

प्रश्न : मुलगा जवान आहे. नातवाची मुंज वैशाखात करायची आहे. साठ आणि तीस दिवसांची, सगळी रजा एकदम मिळेल का? (ग्वाल्हेर)

उत्तर : नाही. ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल, या रजा एकमेकींना जोडता येत नाहीत. शिवाय कॅज्युअल त्याच वर्षात संपवायची असते. वैशाखात सगळ्यांनाच घरी लग्नकार्य असतं आणि युनिट रिकामं ठेवता येत नाही. मुहूर्त माघ-फाल्गुनातही निघतात, तेव्हा गर्दी कमी. मात्र मुलगा बर्फाच्या भागात असेल तर माघ-फाल्गुन नकोच; रजा मंजूर होऊनही तो रस्ता उघडण्याची वाट बघत बसेल. गुरुजींकडून दोन तारखा घ्या, त्या मुलाला आत्ताच कळवा. मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम रजा मंजूर झाल्यावरच द्या.