'उत्तर ध्रुव' : चुंबकाचा आणि पृथ्वीचा

प्रश्न असा आहे : शाळेच्या पुस्तकात चुंबकाच्या उत्तरेकडे वळणाऱ्या टोकाला 'उत्तर ध्रुव' म्हणतात आणि त्याच धड्यात 'विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण असते' हा नियमही येतो. त्यावरून पृथ्वीच्या उत्तरेला दक्षिण ध्रुव मानावा लागतो; नकाशात मात्र तेथे 'उत्तर चुंबकीय ध्रुव' असे छापलेले असते. यांतले चूक कोणते?

चूक कोणतेच नाही. दोन्हीकडे 'उत्तर' हा शब्द एकाच अर्थाने आला आहे असे धरल्यामुळे घोटाळा होतो. पट्टीचुंबक मधोमध दोरा बांधून मोकळा टांगला की तो थोडा वेळ डोलून दक्षिणोत्तर स्थिर होतो. त्याच्या उत्तरेकडच्या टोकाला वागणुकीवरून नाव मिळाले आहे. म्हणजे येथील 'उत्तर ध्रुव' हा 'उत्तरशोधी ध्रुव' याचा संक्षेप आहे. नकाशातला 'उत्तर' मात्र केवळ ठिकाण सांगतो : उत्तर गोलार्धात ज्या जागी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सरळ खाली जमिनीत शिरते आणि त्यामुळे वरखाली फिरू शकणारी चुंबकसूची उभी राहते, ती जागा. चुंबकाबाहेरील बलरेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा, उत्तर ध्रुवातून निघून दक्षिण ध्रुवात शिरतात असा संकेत असल्याने, वागणुकीच्या भाषेत ही जागा दक्षिण ध्रुवच ठरते.

ही तक्रार जुनी आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली चुंबकावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे असे त्यात मांडताना, उत्तरेकडे वळणाऱ्या टोकाला उत्तर ध्रुव म्हणणारे खलाशी आणि उपकरणे बनवणारे कारागीर साफ चुकतात, ते टोक वास्तविक दक्षिण ध्रुव होय, असेही त्याने बजावले. तर्क बिनतोड होता, तरी रूढी खलाशांचीच टिकली आणि मला ती योग्य वाटते. कारण होकायंत्र हाती घेणाऱ्याला पृथ्वीच्या पोटात काय आहे यापेक्षा सुईचे कोणते टोक कोणत्या दिशेला राहते, हे आधी कळावे लागते.

पृथ्वीच्या गोलात एक पट्टीचुंबक उलटा ठेवल्याचे चित्र पुस्तकांत असते. दिशा समजण्यापुरते ते ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबणे मला धोक्याचे वाटते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे कायम चुंबकत्व नाहीसे होते आणि पृथ्वीच्या गाभ्याचे तापमान तर काही हजार अंश आहे. तेथे पट्टी नाही. बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि हे क्षेत्र त्यांच्यापासून उपजते. म्हणूनच 'ध्रुव' या शब्दात अढळपणाचा अर्थ असला तरी चुंबकीय ध्रुव सरकत असतो : १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश दर्यावर्दीला तो कॅनडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पावर सापडला, आणि आता तो आर्क्टिक महासागरात सैबेरियाच्या दिशेने पुष्कळ पुढे गेला आहे.

मराठीत लिहिताना विशेषणाची जागा सांभाळली की गोंधळ बराच कमी होतो. वस्तूविषयी बोलताना 'चुंबकाचा उत्तर ध्रुव' म्हणावे, पृथ्वीवरील जागेसाठी 'उत्तर चुंबकीय ध्रुव' लिहावे, आणि पृथ्वीचा अक्ष जेथे बाहेर येतो त्या बिंदूला 'भौगोलिक उत्तर ध्रुव' म्हणावे. 'चुंबकीय उत्तर ध्रुव' ही रचना दोन्ही अर्थांनी वाचता येते, म्हणून ती मी टाळतो. विद्यार्थ्यांसाठी लिहिताना पहिल्या उल्लेखात 'उत्तरशोधी' हे विशेषण अवश्य घालावे.

अर्थात 'उत्तरशोधी' हेही आजच्या पृथ्वीपुरतेच खरे आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा बराच भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला, तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होते. थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजांनी ती दिशा टिपून ठेवली. आपले होकायंत्र त्या काळी नेले असते, तर त्याच्या सुईचे उत्तरशोधी टोक दक्षिणेकडे वळले असते.