शास्त्र जमेल, निबंध आधी हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 38, पुण्याचं बी.कॉम., लग्नानंतर इंग्लंडात, चार वर्षं केअर होममध्ये नोकरी. आता नर्स व्हायचंय, पण दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही. अ‍ॅक्सेस कोर्स (शिक्षणात खंड पडलेल्यांना विद्यापीठात प्रवेशासाठी तयार करणारा डिप्लोमा) झेपेल का?

झेपेल. मी 41व्या वर्षी केला, तोही मराठी माध्यमात शिकून आणि मधली पंधरा वर्षं घर सांभाळून.

पण कॉलेजात नाव घालायच्या आधी विद्यापीठ ठरवा. माझं नेमकं उलटं झालं. कॉलेजवाले म्हणाले, डिप्लोमा झाला की कुठेही जा. शेवटी कळलं की मला हव्या त्या विद्यापीठाला गणित आणि इंग्रजीचं जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) ग्रेड 4 वेगळं लागतं, डिप्लोम्यात ते धरत नाहीत. अख्खं वर्ष गेलं. काही ठिकाणी त्याऐवजी फंक्शनल स्किल्स लेव्हल 2 (मोठ्यांसाठीची व्यवहारी गणित-इंग्रजीची परीक्षा) चालतं, काही ठिकाणी नाही. तुमचं दहावी-बारावीचं इंग्रजी धरतील का, तेही प्रवेश विभागाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'हो'ला किंमत नाही.

दुसरं, बी.कॉम. विसरू नका. पदवीधरांसाठी नर्सिंगचा दोन वर्षांचा मास्टर्स असतो. काही विद्यापीठं त्याला कुठलीही पदवी आणि रुग्णसेवेचे तास चालवून घेतात. पण अलीकडच्या काही वर्षांत शिकल्याचा पुरावाही बऱ्याचदा मागतात, तिथे अ‍ॅक्सेस उपयोगी पडतो.

आता पैसे. तुम्ही सेटल्ड (म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असलेल्या) असाल आणि तीन वर्षं इथे राहिला असाल, तर अ‍ॅक्सेससाठी अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर लोन हे सरकारी कर्ज मिळतं. पुढे पदवी पूर्ण केली की त्यातली उरलेली रक्कम माफ होते. दुसऱ्या पदवीला कर्ज नाही हा नेहमीचा नियम इंग्लंडात नर्सिंगला लागू नाही. शिवाय पदवीच्या काळात एनएचएसकडून (इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून) वर्षाला 5,000 पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात. मूल असेल तर आणखी 2,000. मात्र अजून डिपेंडंट व्हिसावर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) असाल तर यातलं काही धरून चालू नका. तेव्हा आधी व्हिसा, मग स्वप्न.

डिप्लोमा 60 क्रेडिटचा असतो. त्यातल्या 45ला पास, मेरिट किंवा डिस्टिंक्शन मिळतं आणि विद्यापीठ बघतं ते हेच.

तुम्हाला भीती बायॉलॉजीची वाटतेय. खरं सांगू? बायॉलॉजी पाठ होते, आपल्याला पाठांतराची सवय आहे. मला रडवलं निबंधाने. पहिला निबंध शरीराच्या तापमानावर होता. हायपोथॅलॅमस (मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग), घाम, रक्तवाहिन्या रुंदावणं, सगळं बरोबर लिहिलं, आकृतीसुद्धा काढली. परत आला तेव्हा बाईंनी समासात तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'सो व्हॉट?' मला अपमान वाटला. वर्गानंतर त्यांनी बसवून विचारलं, 'तू केअर होममध्ये काम करतेस ना? मग थंडीत तिथल्या आजींचं काय होतं?' तेव्हा आठवलं, आमच्या एक आजी हात बर्फासारखे गार असतानाही 'मला थंडी नाही' म्हणत ब्लँकेट ढकलून द्यायच्या. म्हातारपणी गारठ्याची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही कमी होतं. हे निबंधात हवं होतं. माहिती दिलीत, आता तिचं पेशंटशी नातं सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि उचलेगिरी. गाईडमधलं जसंच्या तसं लिहिलं की आपल्याकडे मार्क मिळायचे, इथे टर्निटिन हे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर लगेच पकडतं. मी यावर एक उपाय काढला. एनएचएसच्या वेबसाइटवरचं एक पान वाचायचं, लॅपटॉप मिटायचा आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना ते मराठीत सांगायचं. त्या 'अगं पण पाणी कमी प्यायलं तर माणूस बरळतं कसं?' असं विचारायच्या आणि मला काय समजलेलं नाही ते तिथेच उघडं पडायचं. मग इंग्रजीत दीडशे शब्द, स्वतःचे. आजपासून सुरू करा, रोज एक. कोर्स लागेपर्यंत हात बसेल.

गणिताला घाबरू नका. नर्सिंग संपेपर्यंत औषधाच्या हिशोबाची परीक्षा 100 टक्क्यांनी पास व्हावी लागते हे खरं, पण गणितं साधी असतात. अँप्यूलमध्ये (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत) 2 मिलीत 100 मिलिग्रॅम आहे, द्यायचे 75, तर किती मिली? वर्गातल्या पोरी कॅल्क्युलेटर शोधत होत्या. आजीने पाउणकी (पाऊणचा पाढा) घोकून घेतली होती, माझ्या तोंडून आपसूक निघालं, दोन पाऊण दीड. (मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये मात्र मी दोनदा आपटलेय. शून्यं मोजून घ्या.)

घरच्यांशी आत्ताच बोला. अ‍ॅक्सेस आठवड्याच्या दोन-तीन दिवसांत बसतो, पदवी बसत नाही. त्यात 2,300 तास वॉर्डात आणि बाहेर काम असतं, नाइट आणि वीकेंड धरून, बिनपगारी. मुलांना शाळेतून कोण आणणार हे ठरलेलं नसेल तर दुसऱ्याच महिन्यात भांडण.

सप्टेंबरला वर्ग सुरू होतो आणि यूकॅसची (विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या संस्थेची) तारीख जानेवारीत येते, म्हणजे दिवाळीपर्यंत पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातलं स्वतःबद्दलचं लिखाण, तयार हवं. 2026च्या प्रवेशांपासून ते तीन प्रश्नांत विभागलंय, मिळून 4,000 कॅरेक्टर. तुमच्या चार वर्षांच्या नोकरीतला एकच प्रसंग घ्या, नीट सांगा. झाला की मला मेसेज करा, वाचून देईन. 'लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्य दिसलं तर न वाचता परत पाठवीन.