क्ष-किरण कक्षातले जुने शिसे

प्रश्न : बंद पडलेल्या क्ष-किरण कक्षाच्या भिंतींतून काढलेले शिशाचे पत्रे भंगारात मिळत आहेत. परवाना असलेल्या बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी ते घेतले, तर किरणोत्साराचा धोका राहील का?

उत्तर : क्ष-किरणांनी शिसे किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे अशा पत्र्यांबाबत ती भीती बाळगू नये. किरणोत्सारी समस्थानिके ठेवण्याच्या जाड भांड्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्या पृष्ठभागावर मूळ द्रव्याचा अंश चिकटलेला असू शकतो आणि शिसे वितळवताना तो साऱ्या रसात मिसळतो. म्हणून माल कुठला, हे लेखी घ्यावे, किरणोत्सार-मापकाने तपासणी करून घ्यावी आणि विक्रेत्याचे उत्तर गुळमुळीत असेल, तर स्वस्ताईला भुलू नये.

पत्र्याचे शिसे बहुधा जवळजवळ शुद्ध, नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असते. ठासणीच्या बंदुकीला ते उत्तम, पण वेगवान काडतुसासाठी ते कठीण करण्यास त्यात कथील व अँटिमनी हे धातू मिसळावे लागतात. मागे चिकटलेले प्लास्टर आणि गोंद आधी खरवडून पत्रा पूर्ण वाळवावा, कारण ३२७ अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या रसात ओला तुकडा पडला, की पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उसळतो. रसावर जमणाऱ्या मळीची धूळ हातावाटे पोटात जाते, तेव्हा ती कोरडी झाडू नये.